‘लमाण’ या शब्दाचा अर्थ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बुरोंडी येथे एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



चिटणीस महाशयांनी मला ‘दोन शब्द’ बोलण्याची आज्ञा केली. मी एक मॅट्रिक झालेला मास्तर. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. विद्वत्तेचा कोणताही आव न आणता मी दोन नव्हे, एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘लमाण’. आपल्या ज्ञातीच्या संमेलनात परक्या समाजाचे नाव कशासाठी, असे कोणाच्या मनात आल्यास त्याने थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. या शब्दाचे आपल्या किनाऱ्याशी जवळचे नाते आहे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीशीही त्याचा संबंध आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वाडीच्या खालच्या अंगास रस्त्याचे काम निघाले. त्या कामावर विजापूरकडची आठ-दहा बिऱ्हाडे आली. निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी माझा नातू खेळून उशिरा, धुळीने माखून घरी आला, तेव्हा त्याची आई त्याच्यावर ओरडली, “लमाण्यासारखा काय हिंडतोस गावभर?” पोर माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारते झाले, “आजोबा, लमाणी म्हणजे काय?” सूनबाईच्या मनात काही वाईट नव्हते. तिच्या सासूने तेच म्हटले असते, आणि माझ्या आईने मलाही तेच म्हटले होते. परंतु आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगून पोट भरलेल्या मला त्या पोराला पटकन उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात मिठाला ‘लवण’ म्हणतात. या लवणाचे मराठीत ‘लोण’ झाले. आज आपण सुटा ‘लोण’ शब्द मिठाच्या अर्थी फारसा वापरीत नाही. तथापि तो आपल्या स्वयंपाकघरात व देवघरात लपून बसलेला आहे. लोणचे म्हणजे मीठ घालून मुरविलेले. ज्यात मीठ नाही ते अलवण, म्हणजेच आपले ‘अळणी’. लेकराची दृष्ट काढताना आपण ‘लिंबलोण’ उतरतो, त्यात लिंबाच्या जोडीला हेच लोण आहे. लोणारी समाजाच्या नावातही तेच आहे. या ‘लवण’ शब्दावरूनच ‘लमाण’ हे नाव आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लमाण म्हणजे मीठ वाहून नेणारा. व, ब, भ, म ही सारी ओठांच्या आधाराने उच्चारली जाणारी अक्षरे असून ती एकमेकांची जागा सहज घेतात. नाम शब्दाचे नाव होते, ग्राम शब्दाचे गाव होते, हे आपण रोज पाहतो. येथे उलट दिशेने, पुढच्या ‘ण’च्या नासिक्य उच्चाराच्या ओढीने ‘व’चा ‘म’ झाला. कोठे लभाण, कोठे लंबाडी, कोठे लंबाणी, तर पंजाबात लबाना, अशी त्याच नावाची रूपे देशभर विखुरलेली आढळतात.

याच समाजाला दुसरे नाव आहे ‘बंजारा’. बंजारा म्हणजे वनचर, रानात फिरणारा, अशी एक व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ती ऐकावयास सोपी आहे; परंतु भाषाशास्त्राची मंडळी ती स्वीकारीत नाहीत. ‘वणिज्’ म्हणजे व्यापारी. वाणिज्य करणारा तो वाणिज्यकार, आणि त्यावरून बंजारा, असा क्रम ते लावतात. आपला ‘वाणी’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. वंजारी हे नावही याच शब्दाशी जोडले जाते. मात्र आज महाराष्ट्रात वंजारी व बंजारा हे दोन वेगळे समाज आहेत, हे ध्यानात ठेवावे. हे लोक स्वतःस मात्र यांपैकी कोणत्याच नावाने ओळखीत नाहीत. आपसांत ते स्वतःस ‘गोर’ म्हणतात आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांस ‘कोर’ म्हणतात. तात्पर्य, लमाण आणि बंजारा ही दोन्ही नावे धंद्याची आहेत. एकाचा अर्थ मीठ वाहणारा, दुसऱ्याचा अर्थ व्यापारी. दोहोंपैकी एकाही नावात ‘निष्कारण भटकणारा’ असा अर्थ मुळात नाही.

नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नये, पुरावाही पाहावा. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात प्रवास करीत असता त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यातील बैलांची संख्या त्याने १४,००० लिहून ठेवली आहे. सारे बैल धान्याने लादलेले होते. असा तांडा दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे. बायका-मुले, भांडीकुंडी, सारा संसार बरोबर असे. त्याच शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या देशात हिंडून गेला. त्याने लिहिले आहे की, या वाहतूकदारांचे चार वर्ग आहेत. एक गहू-धान्य वाहतो, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. एका वर्गाने दुसऱ्याचा माल वाहावयाचा नाही. मीठ वाहणारा स्वतंत्र वर्ग होता, हे या साक्षीवरून दिसते, आणि ‘लवण’ या व्युत्पत्तीला बळकटी येते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कोकणात मीठ आणि मासळी मुबलक, धान्य मात्र तोकडे. घाटावर धान्य मुबलक, परंतु मीठ मुळीच नाही. मधे सह्याद्री उभा. गाडीरस्ते नव्हते, तेव्हा घाटातील अरुंद पाऊलवाटांनी हा व्यवहार चाले तो लादणीच्या बैलांवर. वरून धान्याच्या गोणी उतरत; खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी चढे. आमची आजी तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट सांगे की, दिवाळी उलटून वाटा सुकल्या म्हणजे घाटाकडून घुंगरांचा आवाज कानी येई, आणि बायका म्हणत, “आता भाकरीचे दाणे आले.” ज्यांची वाट आपल्या घरातील बायका अशी पाहत असत, त्यांचेच नाव आपण आज मुलांना रागे भरताना घेतो!

राजेरजवाड्यांचेही या लोकांवाचून चालत नसे. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या त्या बंजाऱ्यांच्या धान्यावर. १८०३ साली असईच्या लढाईच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्ली याच्या फौजेची रसदही पुष्कळ अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होती. सैन्ये परस्परांशी लढत, तांडा मात्र दोन्ही बाजूंना हवा असे.

मग हा मानाचा धंदा गेला कोठे? १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ साली ती बोरघाट चढून गेली. चाकाचे रस्ते झाले. जे ओझे शेकडो बैल पंधरा दिवसांत नेत, ते गाडी एका रात्रीत नेऊ लागली. बैल विकले गेले आणि तांड्यांचे पाय जागच्या जागी थांबले. ज्याला जमीन नाही, घर नाही आणि आता धंदाही नाही, त्याने जावे कोठे?

अशा वेळी सरकारने त्यांना एक नवे नाव दिले. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला. आरंभी तो उत्तरेकडे लागू होता. १९११ साली त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर झाली. एखादी जमात सरकारी जाहिरनाम्यात नोंदली गेली की, तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरे. ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही. सोलापुरास अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, हे आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. फिरण्यावरच ज्यांचे पोट, त्यांना फिरणे हाच गुन्हा झाला. लमाणांच्याही काही शाखा या कायद्याच्या कचाट्यात सापडल्या. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. ज्यांची नावे त्या यादीतून मुक्त झाली, ते ‘विमुक्त’. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. ८१ वर्षे कपाळी असलेला डाग एका सहीने कागदावरून गेला. परंतु लोकांच्या जिभेवरून तो अद्यापि गेलेला नाही.

हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. युरोपात शतकानुशतके हिंडणाऱ्या एका समाजाला इंग्रज ‘जिप्सी’ म्हणतात. हे लोक इजिप्त देशातून आले असावेत अशा समजुतीने हे नाव पडले. ती समजूत चुकीची होती. १७८२ साली रुडिगर या जर्मन पंडिताने त्यांची भाषा तपासली आणि ती हिंदुस्थानातील भाषांच्या कुळातली असल्याचे दाखवून दिले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्या देशातून पश्चिमेकडे गेले. ते पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान म्हणतात. आणि मिठाला काय म्हणतात? लोण! आपल्या लोणच्यातील लोण त्यांनी हजारो मैल दूरच्या देशी नेले आणि जपले. त्यांच्यावरही असेच शिक्के बसले, आणि दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राज्यात त्यांच्यातील लाखो माणसे मारली गेली. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. लोकांनी दिलेले नाव टाकून, आपल्या भाषेतील ‘रोम’ म्हणजे माणूस या शब्दावरून आलेले ‘रोमा’ हेच नाव आपले, असे त्यांनी तेथे ठरविले. आपल्याकडे लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ ही आत्मचरित्रे लिहिली. ज्या शब्दांनी लोक हिणवीत, तेच शब्द त्यांनी पुस्तकाच्या कपाळी लावले. दोन्ही पुस्तकांस साहित्य अकादमीने गौरविले. ज्या बंजारा समाजाविषयी मी बोलत आहे, त्याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हेही विसरता कामा नये.

इथवर इतिहास झाला. आता माझी चूक सांगतो.

नोकरीच्या मध्यास मी एका खाडीकाठच्या शाळेत होतो. एके दिवशी खडी फोडण्याच्या कामावरचा एक मनुष्य आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिचे नाव घालावयाचे होते. मी जनरल रजिस्टर उघडले आणि विचारले, “आडनाव काय तुझे?” तो म्हणाला, “चव्हाण, गुरुजी.” मी हसलो. म्हणालो, “चव्हाण कसे असेल? तू लमाणी ना? खरे काय ते सांग.” तो क्षणभर गप्प राहिला. मग डोक्याचा फडका काढून हातात घेतला आणि म्हणाला, “तुम्ही लिहाल ते, गुरुजी.” आणि मी आडनावाच्या रकान्यात ‘लमाणी’ असे लिहिले. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही त्यांची पिढीजात कुळनावे आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे हा अपराध नव्हे. परंतु सांगणारा सांगत असता त्याच्यावर विश्वास न ठेवणे हा अपराध होय. तो माझ्याहून वयाने वडील होता. मी त्याला ‘तू’ म्हणालो, तो मला ‘तुम्ही’ म्हणाला, हेही मला आज आठवते.

मुलगी हुशार निघाली. दोन वर्षे शिकली, पाढे तोंडपाठ केले, आणि काम संपताच ती मंडळी निघून गेली. पुढे दहाएक वर्षांनी एका दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली. बारावी झाली होती; परिचारिकेच्या शिक्षणक्रमास प्रवेश घ्यावयाचा होता. वडिलांच्या साऱ्या कागदांवर चव्हाण, आणि माझ्या हातच्या नोंदीवरून निघालेल्या दाखल्यावर लमाणी. बाप चव्हाण आणि लेक लमाणी, हे कसे, असे जागोजाग विचारीत होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “गुरुजी, लमाणी ही आमची जात. आडनाव चव्हाण. तुम्ही जातीचंच नाव केलंत.”

मी प्रतिज्ञापत्र केले. तालुक्याच्या ठिकाणी खेपा घातल्या. एकदा नोंद झाल्यावर, आणि विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर, ती बदलणे किती कठीण असते, हे ज्या हातांनी आयुष्यभर नोंदी केल्या त्या हातांना त्या वेळी कळले. दुरुस्ती झाली, परंतु त्यास सात महिने लागले. त्या वर्षाचा प्रवेश हुकला. पुढील वर्षी तिला तो मिळाला की नाही, मला समजले नाही. ती पुन्हा आली नाही आणि मजजवळ तिचा पत्ताही नव्हता.

बंधुभगिनींनो, कागद ही आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटते, कारण आपला सातबारा, घरपट्टी आणि शाळेचे दाखले पेटीत असतात. आपल्या राज्यात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ या दिवशी वा त्यापूर्वी कुटुंबाचे वास्तव्य येथे असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचे आजोबा पालात जन्मले आणि पालातच गेले, त्याने तो आणावा कोठून? शिवाय हाच लमाण कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. सीमा ओलांडली की माणूस तोच, पण रकाना बदलतो. या समाजांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद आपल्या दापोलीचे भिकू रामजी तथा दादा इदाते यांनी भूषविले, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आपण अभिमान बाळगतो. अभिमानाबरोबर थोडे कामही अंगावर घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपणही काही एकाच जागी बसून राहिलेली माणसे नव्हत. आपल्या वाडवडिलांपैकी कोणी मचव्यावर गेले, कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी गोदीत. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा जणांनी वळकट्या पसरल्या. तेथे आपल्यालाही नावे ठेवणारे होते, आणि ते शब्द ऐकून आपले वडील रात्री जेवले नाहीत, असे सांगणारे काहीजण या सभेत बसलेले आहेत. त्याच हालांतून हे मंडळ जन्मास आले. परगावी आपल्या माणसाला नाव सांगावयास एक ठिकाण असावे, हाच त्यामागील हेतू होता. मग ज्यांना असे ठिकाणच नाही, त्यांचे दुःख आपल्याला इतरांहून लवकर कळावयास हवे.

कोणी म्हणेल, ज्ञातीचा पैसा ज्ञातीच्या मुलांसाठी. मान्य. मंडळाच्या शिक्षण फंडातील एका पैशालाही हात लावू नये, असेच माझेही मत आहे. माझी मागणी पैशाची नाही, तीन गोष्टींची आहे.

पहिली गोष्ट, आपल्या घरांतून ‘लमाण्यासारखा’ हा शब्द मुलांना रागे भरण्यासाठी वापरू नये. मूल उशिरा घरी आले तर उशिरा आले म्हणावे. त्यासाठी दुसऱ्याची जात काढण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या गावी कामावर आलेल्या बिऱ्हाडांतील मुले शाळेत जातात की नाही, याची विचारपूस आपल्या तरुणांनी करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये ६ ते १४ वर्षांच्या कोणत्याही मुलाला दाखला नाही म्हणून शाळा नाकारता येत नाही. हे आई-बापांना ठाऊक नसते, आणि कधी कधी शाळेलाही आठवण द्यावी लागते. काम संपून ती मंडळी निघाली म्हणजे मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड पडले की नाही, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी. आपल्या ज्ञातीत आज पुष्कळ शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांना या म्हाताऱ्या मास्तराची हात जोडून विनंती आहे की, रजिस्टरात नाव लिहिताना समोरचा सांगेल ते ऐकावे, कागद असल्यास पाहावा, लिहिलेले त्याला वाचून दाखवावे आणि मगच शाई वाळू द्यावी. दोन मिनिटे अधिक जातील, परंतु एका मुलीचे वर्ष वाचेल.

नातवाला मी काय उत्तर दिले, हे सांगावयाचे राहिले. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन त्या झोपड्यांकडे गेलो. तेथील एका वृद्ध गृहस्थांना ‘बाबा’ म्हणून हाक मारली आणि नाव विचारले. त्यांनी ते पूर्ण सांगितले, आडनावासह. परतताना नातू म्हणाला, “आजोबा, त्यांचं आडनाव तर आमच्या वर्गातल्या मुलासारखंच आहे.” मी म्हणालो, “आहेच. आणि लमाण म्हणजे मीठ आणणारा माणूस. आपल्याकडचं मीठ ते डोंगरापलीकडे नेत आणि तिकडचे दाणे आपल्याला आणून देत.” त्याने विचारले, “मग आपण त्यांच्यावर का ओरडतो?” या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.

खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. मीठ आपल्या समुद्राचे खरे, पण ते पाठीवर वाहिले त्यांनी, आणि त्या मिठाच्या बदल्यात आलेल्या दाण्यांवर आपली घरे जगली. त्या मिठाला आपण जागावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.